मापाच्या वहीतली कंबर

“मॅडम, माझे जेवण चिमणीएवढे आहे, तरी पोट सुटतच चालले आहे. हे हार्मोनचे असेल तर मग खाण्यात बदल करून उपयोग तरी काय?” आहारसल्ला देण्याच्या माझ्या कामात चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांकडून हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. विचारणारीच्या मनात त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. दोष हार्मोनचा असेल तर आपल्या हातात काही नाही, आणि दोष खाण्याचा असेल तर आपण खोटे बोलतो आहोत, असे तिला वाटत असते. या दोन्ही समजुती कशा अपुऱ्या पडतात, हे ज्यांच्यामुळे मला नीट उमगले, त्या सोलापुरातल्या एका ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

ताईंचे वय ४८. शहराच्या पूर्व भागात घराच्या पुढच्या खोलीत चार शिलाई यंत्रे मांडून त्या शाळेचे गणवेश शिवून देतात. मार्चपासून जूनअखेरपर्यंत त्यांचा हंगाम असतो, आणि त्या काळात मध्यरात्रीपर्यंत यंत्रे चालू असतात. हंगाम संपल्यावर, जुलै महिन्यात, त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत मापाची जुनी वही होती. गिऱ्हाइकांच्या मापांमध्ये एका पानावर त्यांनी चार वर्षांपूर्वी स्वतःचेही माप लिहून ठेवले होते, त्यात कंबर ३२ इंच होती. “आता ३८ भरते. वजन मात्र चार-पाच किलोच वाढले. मग हे आले कुठून?” असे त्यांनी विचारले.

शिवणकामातली कंबर आणि वैद्यकीय कंबर किंचित वेगळी असते. म्हणून शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता आम्ही पुन्हा माप घेतले. ते ३८ इंच, म्हणजे सुमारे ९६ सेंटिमीटरच भरले. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. ताईंची उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ६३ किलो होते, त्यामुळे पाहणाऱ्याला त्या फार जाड वाटत नसत. पण आपल्या लोकांच्या बाबतीत वजनाचा काटा बऱ्याचदा फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची तुलना जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याशी करून हेच दाखवले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, सारखाच, २२.३ होता, मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. ताईंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैलावला, कारण वजन फार नसताना पोटाची तक्रार करणे म्हणजे नखरे आहेत, असे त्यांना घरी ऐकवले गेले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ४० टक्के स्त्रियांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला होता, हेही मी त्यांना सांगितले.

पोटावरची सगळी चरबी एकसारखी नसते. चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. यकृत, आतडी आणि इतर अवयवांभोवती साठते ती आतली चरबी अधिक त्रासदायक असते, कारण तिच्यातून सुटणारी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) थेट यकृताकडे जातात आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात अडथळा येतो. म्हणून सौंदर्याच्या चिंतेने आलेल्या व्यक्तीलाही मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. ताईंच्या तपासण्या झाल्या. दोष थायरॉईडचाच आहे अशी खात्री जाऊबाईंनी दिली होती, पण तो अगदी व्यवस्थित होता. थायरॉईड मंदावल्याने वजन वाढते हे खरे, परंतु ती वाढ सहसा थोडी असते आणि तिच्यातही पाण्याचा वाटा मोठा असतो. एकट्या पोटाचा घेर त्याने सहा इंच वाढत नाही. मात्र गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ६.० आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा आहे. सोनोग्राफीत यकृतावर सौम्य चरबीही दिसली.

मासिक पाळी वर्षभरापासून अनियमित होती. आपल्याकडे रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास असल्याने यात नवल नव्हते. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन भरपूर असते तोवर स्त्रीच्या शरीरातील चरबी मुख्यतः मांड्या आणि नितंबांवर साठते. ते उतरणीला लागले की साठवणीची जागा पोटाकडे सरकते, आणि त्याच वयात स्नायूही झिजू लागल्यामुळे शरीराचा बसल्या जागेचा खर्च कमी होतो. हे समजावून सांगत असताना ताई मध्येच म्हणाल्या, “म्हणजे कापड जवळजवळ तेवढेच आहे, पण घोळ दुसरीकडे आला.” याहून नेमके मला सांगता आले नसते. वजन चार-पाच किलोच वाढून कंबर सहा इंच का वाढली, याचे उत्तर त्यांना मिळाले होते. पण वाढलेले कापड कुठून आले, हा प्रश्न अजून उरलाच होता.

“चिमणीएवढे जेवण” हे त्या खोटे सांगत नव्हत्या. भाकरीने पोट सुटते असे कुणीतरी सांगितल्यावरून त्यांनी भाकरी पूर्ण सोडली होती आणि दुपारी फक्त वाटीभर भात-आमटी घेत होत्या. पण तासातासाची नोंद ठेवायला सांगितली तेव्हा दिवसाला सात कप चहा निघाला. प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे दिवसाला सुमारे ७० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य असेल तर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. चहाबरोबर खारी किंवा टोस्ट असे, आणि रात्री अकरानंतर चुरमुरे-फरसाण किंवा उरलेल्या भातावर शेंगाचटणी आणि वरून तेल. यातल्या कशालाच त्या जेवण म्हणत नव्हत्या, त्यामुळे ते हिशोबात आले नव्हते.

भाकरीवरचा आळ मला मनापासून खटकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव सांगणाऱ्या या जिल्ह्यात, जिथे कडक भाकरी महिनोन्महिने टिकवून खाल्ली जाते, तिथल्या स्त्रियांनी ज्वारी सोडून मैद्याची खारी खावी, हे पाहून वाईट वाटते. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा असतो. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि इन्सुलिनला एकदम उसळी घ्यावी लागत नाही. खारी आणि गोड चहा दिवसातून सात वेळा घेतला की इन्सुलिन दिवसभर चढेच राहते, आणि इन्सुलिन चढे असताना शरीर साठवलेली चरबी मोकळी करायला नाखूश असते. शेंगाचटणीवर माझा राग नाही. पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास उष्मांक असतात. भाकरीबरोबर दोन चमचे चटणी वेगळी आणि रात्री भातावर वाटीभर चटणी वेगळी.

पहिल्या भेटीत मी त्यांना आहाराचा तक्ता दिला. दीड भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ किंवा दोन अंडी, ताक, आणि चहा तीन कप, अर्ध्या चमच्याचा. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा कंबर जशीच्या तशी होती आणि त्या चिडलेल्या होत्या. दुपारपर्यंत तक्ता नीट पाळला जात होता, पण रात्र झाली की सारे कोलमडत होते. चूक माझी होती. त्यांच्या ताटाबद्दल मी तासभर विचारले होते, झोपेबद्दल मात्र एक वाक्यही विचारले नव्हते.

विचारल्यावर कळले की हंगाम संपूनही त्यांची झोप पाच तासांवर जात नव्हती. रात्री दोनदा-तीनदा छातीपासून चेहऱ्यापर्यंत वाफ आल्यासारखे होऊन घाम फुटे, मग त्या उठून बसत. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पार जातो, त्यामुळे हा उकाडाच आहे असे त्यांनी धरून चालले होते. पण आता ऑगस्ट होता, पाऊस पडून गेला होता, आणि शेजारी झोपलेले यजमान अंगावर चादर ओढून घेत होते. तो घाम रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरचा होता.

येथे हार्मोन आणि आहार यांची गाठ कशी पडते ते दिसले. इस्ट्रोजेनच्या चढउताराने रात्री घाम येऊन झोप मोडते. अपुऱ्या झोपेने भूक लावणारे घ्रेलिन वाढते आणि पोट भरल्याची खबर देणारे लेप्टिन कमी होते. एरवी रात्री उतरणारे कॉर्टिसॉल हे ताणाचे हार्मोन नीट उतरत नाही, आणि अशा थकलेल्या शरीराला नेमके गोड आणि तळलेले हवेसे वाटते. दुसऱ्या दिवशी डोळे मिटू नयेत म्हणून चहा वाढतो, त्या चहाने पुढची झोप बिघडते. ताईंच्या रात्रीच्या फरसाणाला मी मनाची दुर्बलता समजत होते, आणि त्याही तसेच समजून स्वतःला बोल लावत होत्या.

मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पोट कमी होण्यासाठी हार्मोनची गोळी मिळेल का, असे त्यांनी जाताना विचारले होते. त्यासाठी ती गोळी नसते. घाम, झोप, हाडे आणि इतर धोके पाहून ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. ताईंच्या बाबतीत डॉक्टरांनी तपासणी करून घामावर उपचार सुरू केले. आमच्या बाजूने आम्ही चार वाजल्यानंतरचा चहा बंद केला आणि जेवण रात्री आठच्या आत आणले. मध्यंतरी श्रावण आला. ग्रामदैवत सिद्धेश्वरांचा सोमवार त्या मोडणार नव्हत्या आणि मीही तसे सुचवले नाही. फक्त साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने खिचडीच्या जागी थोडी भगर, दाण्याची पातळ आमटी आणि ताक असे ठरले. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागणारे तेल तीन लिटरवर आले.

पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जाते, या समजुतीने त्या रोज पाठीवर पडून उठाबशा काढत होत्या आणि कंबर दुखवून घेत होत्या. चरबी कुठून उतरावी हे व्यायामाच्या जागेवरून ठरत नाही. त्याऐवजी सकाळी सहाला सिद्धेश्वर तलावाकडे अर्धा तास चालणे, जेवणानंतर दहा मिनिटे घरातच फेऱ्या, आणि आठवड्यातून तीनदा खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे व भिंतीला हात लावून दंड काढणे, एवढेच ठेवले. जेवणानंतर काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून त्या दहा मिनिटांना मी फार महत्त्व देते.

एक गोष्ट प्रत्येक स्त्रीला सांगावी लागते. पोट काही आठवड्यांतच वेगाने फुगले, दोन घासांत पोट भरू लागले, त्वचेवर रुंद जांभळे पट्टे उमटले, सहज काळे-निळे डाग पडू लागले, किंवा पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर आहारतक्ता बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. अंडाशयाचे किंवा यकृताचे आजार, तसेच कॉर्टिसॉल अतिप्रमाणात वाढवणारे विकार अशा रूपात समोर येऊ शकतात.

संक्रांतीनंतर, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, ताई आल्या. भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी पोटभर खाल्ल्याचे त्यांनी आनंदाने सांगितले. वजन ६३ वरून ५९.५ किलो झाले होते आणि एचबीएवनसी ५.७, म्हणजे अजून उंबरठ्यावरच, पण उतरणीला. कंबर साडेपस्तीस इंच होती. सहा महिन्यांत अडीच इंच हे त्यांना कमी वाटले. मला ते पुरेसे वाटते, कारण झोप सहा-साडेसहा तासांवर आली होती आणि त्या उपाशी नव्हत्या. आणायला आलेल्या यजमानांना त्यांनी तिथेच उभे करून टेप लावला तर ४० इंच भरले. ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, हे त्यांना मी सांगण्याआधी ताईंनीच सांगितले.

मग त्यांनी वहीतल्या त्याच पानावर नवे माप आणि तारीख लिहिली. मार्च दीड महिन्यावर आला होता, म्हणून त्या भेटीचा उरलेला वेळ आम्ही हंगामाच्या वेळापत्रकात घालवला. शेवटचे यंत्र रात्री दहाला बंद करायचे, दोन शाळांचे काम शेजारच्या बाईंना वाटून द्यायचे, आणि कारागिरांच्या चहाबरोबर स्वतःसाठी ताकाचा तांब्या भरून ठेवायचा. दहाची वेळ त्यांना अवघड वाटत होती, म्हणून ती साडेदहा लिहिली.