गच्चीवर एक खोली वाढवायची आहे. नगरपरिषदेची परवानगी लागेल का?

होय, घर स्वतःचे आणि खोली एकच असली तरी बांधकामापूर्वी नगरपरिषदेची लेखी परवानगी घ्यावीच लागते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ नुसार त्यासाठी अर्ज करावा लागतो. नकाशे काढून घेण्यापूर्वी भूखंडावर चटईक्षेत्र (म्हणजे नियमांनुसार करता येणारे एकूण बांधकाम) शिल्लक आहे का आणि जुने खांब वाढीव भार पेलतील का, हे अभियंत्याकडून तपासून घ्या. ६० दिवसांत निर्णय न कळल्यास कलम ४५ नुसार परवानगी मिळाल्याचे मानले जाते, परंतु प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच; त्यामुळे केवळ त्या भरवशावर काम सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फरशी बदलण्यासारख्या निव्वळ आतील कामांना मात्र कलम ४३ मध्ये सूट आहे.