टेकता टेकता विमान पुन्हा वर का जातं?

वाचकांचे प्रश्न : विमानप्रवास

पाऊस लागला की या सदराकडे विमानाविषयीची पत्रं वाढतात. त्यातली काही या वेळी घेतली आहेत.

जुलैत मुंबईहून येताना आमचं विमान गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या धावपट्टीवर टेकणार एवढ्यात मोठा आवाज करून परत वर गेलं. पाच-सात मिनिटं कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी माझा हात असा आवळला की बांगडी पिचली. शेवटी आम्हाला हैदराबादला उतरवलं. एवढं खाली आल्यावर परत का फिरले? आणि गोव्यातलाच दाबोळी विमानतळ हाकेच्या अंतरावर असताना हैदराबाद कशाला?
— एक वाचक, फोंडा

वैमानिक याला गो-अराउंड म्हणतात. साध्या आयएलएसच्या, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेच्या मदतीने उतरताना जमिनीपासून साधारण 200 फुटांवर निर्णयाची उंची येते. तिथवर धावपट्टी किंवा तिचे दिवे डोळ्यांना दिसले नाहीत, तर वर जायचं. त्यात विचार करायला जागाच नाही. कधी धावपट्टी लख्ख दिसत असूनही वर जावं लागतं. आधी उतरलेलं विमान अजून बाजूला झालेलं नसतं, वारा एकाएकी फिरतो, नाहीतर आपल्याच विमानाचा वेग किंवा उतरण्याचा कोन हवा तसा बसलेला नसतो. ढगांतून उतरताना 1000 फुटांपर्यंत हे सगळं जुळलेलं असावं लागतं. नसेल जुळलं, तर ओढूनताणून उतरवण्यापेक्षा पुन्हा फिरून येणं केव्हाही बरं. धावपट्टीवरून विमान पुढे घसरत गेल्याच्या अपघातांत बऱ्याचदा हीच ओढाताण सापडते.

तुम्हाला जे जाणवलं त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी इंजिनांना पूर्ण जोर देतात, म्हणून तो आवाज. नाक वर उचललं जातं, म्हणून पाठ सीटला दाबली जाते. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, एक पायरी आत घेतात आणि विमान चढू लागल्याची खात्री झाली की चाकं वर ओढतात. पायांखाली 'धडाम्' होतं ते त्या चाकांचं. या वेळी कॉकपिटमध्ये दोघांचेही हात आणि तोंड कामात असतात: विमान सांभाळायचं, दिशा धरायची, मग टॉवरशी बोलायचं. प्रवाशांचा नंबर त्यानंतर. तेव्हा ती पाच-सात मिनिटांची शांतता काहीतरी लपवण्यासाठी नव्हती.

आता हैदराबाद. मोपा आणि दाबोळी सरळ रेषेत जेमतेम 40 किलोमीटरवर आहेत. मोपाच्या पेडण्यात धो धो कोसळणारी सर दाबोळीच्या मुरगावला वगळेलच असं नाही. पर्यायी विमानतळ असा लागतो जिथे हवामान वेगळं असेल, म्हणून घाटापलीकडची हैदराबाद-बंगळूर ही नावं येतात. त्याची तयारी निघण्याआधीच झालेली असते. टाकीत मुक्कामापर्यंतचं इंधन, त्यावर सुमारे 5 टक्के जादा, शिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि तिथे पोचल्यावर 1500 फुटांवर आणखी 30 मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं राखीव, असा हिशोब असतो. घिरट्या घालता घालता टाकी रिकामी होईल ही धास्ती बाळगू नका. हिशोब सीमेवर येण्याआधीच विमान वळवतात.

दुसऱ्या गावी उतरल्यावर बहुतेकदा प्रवाशांना विमानातच बसवून ठेवतात, इंधन भरतात आणि हवामान सुधारायची वाट बघतात. खरी अडचण वैमानिकांच्या कामाच्या तासांची. ते संपले तर नवे वैमानिक येईपर्यंत विमान हलत नाही. मध्येच उतरून आपल्या वाटेने जायचं असेल तर आधी क्रूला सांगा, कारण तुमची चेक-इन बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागते. हवामानामुळे झालेल्या प्रकारात रोख भरपाई मिळत नाही, त्यावरून काउंटरवर भांडून घसा कोरडा करू नका. पावसाळ्यात एका दिवसाची औषधं, सासूबाईंची मधुमेहाची गोळी, फोनचा चार्जर आणि दोन बिस्किटपुडे हातातल्या पिशवीत ठेवा.

ओल्या धावपट्टीवर विमान आपटल्यासारखं उतरतं. वैमानिक नवशिका असतो का?
— काणकोण

नाही. पाणी साचलेल्या धावपट्टीवर अलगद टेकवलं तर टायर आणि जमीन यांच्यात पाण्याचा पातळ थर राहतो आणि चाकं पकड घेण्याऐवजी तरंगतात. ठामपणे टेकवलं की तो थर फुटतो, ब्रेक लागतात. पावसातल्या दणक्याला नावं ठेवू नका.

निघण्यापूर्वी पायांखालून कुत्रं भुंकल्यासारखा 'घर्र-घर्र' आवाज आला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, माल ठेवतात तिथे कोणाचा तरी कुत्रा असेल.
— म्हापसा

कुत्रा नव्हे, पीटीयू, म्हणजे पॉवर ट्रान्सफर युनिट. एअरबस ए-320 जातीच्या विमानांत हा आवाज अगदी ओळखीचा आहे. त्यांत हायड्रॉलिक तेलाच्या हिरव्या आणि पिवळ्या अशा दोन मुख्य यंत्रणा असतात, एकेका इंजिनावर एकेक. इंधन वाचवायला विमान एकाच इंजिनावर चालत धावपट्टीकडे निघालं, किंवा दुसरं इंजिन सुरू होत असलं, की दोन्हींच्या दाबात फरक पडतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पीटीयू मध्ये पडून कमी दाबाच्या बाजूला जोर पुरवतं. ते थांबत-थांबत चालतं, म्हणून भुंकल्यासारखं वाटतं. पंखांच्या आसपासच्या रांगांत जास्त ऐकू येतं.

असाच दुसरा घाबरवणारा क्षण उड्डाणानंतर मिनिटभराने येतो. इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली बसतंय असं पोटाला वाटतं. साधारण 1000 ते 1500 फुटांवर जोर मुद्दाम कमी करतात. चढणं चालूच असतं.

मे महिन्यात दुपारी बंगळूरहून येताना घाटावर विमान फार हललं. पंख तुटणार असंच वाटलं.
— साखळी

दुपारच्या उन्हाने तापलेली हवा वर उठते, सह्याद्रीच्या कड्यांवर तिला आणखी बळ मिळतं आणि वळवाचे ढग चढतात. म्हणून मे महिन्यात शक्यतो सकाळचं विमान घ्या. पंखाचं टोक वर-खाली होणं ही त्याची ताकद आहे, ताठ पंख उलट धोक्याचा. उड्डाणात येऊ शकेल अशा कमाल भाराच्या दीडपट भार सोसेल अशी त्याची रचना करावी लागते. माणसं जखमी होतात ती बहुधा पट्टा न बांधल्यामुळे. पट्टा पोटावरून नव्हे, ओटीपोटाच्या हाडावरून, घट्ट. पट्ट्याचा दिवा विझला तरी बसलेलं असताना सोडू नका. पंखाजवळच्या सीटवर हेलकावे कमी लागतात, शेपटीकडे सर्वांत जास्त.

नातू आठ महिन्यांचा. उतरताना कान दुखून रडून आकांत करतो. काय करावं? आणि आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना ग्रँड आयलंडला स्कूबा करून त्याच संध्याकाळी परतायचं आहे, चालेल का?
— एक आजी, वास्को

विमान कितीही उंच असलं तरी आतली हवा साधारण 6000 ते 8000 फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ ठेवतात. 8000 फुटांचा हिशोब धरला तर हवेचा दाब किनाऱ्यावरच्या सुमारे पाऊणपट. चढताना कानातली जास्तीची हवा कानापासून घशाकडे जाणाऱ्या नळीतून आपोआप निसटते. उतरताना मात्र तीच नळी गिळून किंवा जांभई देऊन उघडावी लागते, म्हणून त्रास उतरतानाच. आजी, मुलाला त्या वेळी झोपू देऊ नका. उभं धरून दूध पाजा. मोपा-मुंबई अंतर इतकं थोडं की चहाचे कप गोळा होतात न होतात तोच उतरण सुरू होते, त्यामुळे बाटली आधीच भरून ठेवा. मोठ्यांनी नाक चिमटीत धरून घोट गिळावा. जमलं नाही तर तोंड मिटून अगदी हलकेच फुंकावं, जोर लावू नये. सर्दी असेल तर नाकाचे थेंब डॉक्टरांना विचारून उतरण्याच्या अर्धा तास आधी घ्यावेत.

स्कूबा आणि संध्याकाळचं विमान हे मात्र जमणार नाही. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर येतो, सांधे धरतात, कधी त्याहून वाईट होतं. एकच साधी बुडी मारली असेल तर किमान 12 तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस असतील तर किमान 18 तास थांबायचं असा नियम आहे. पाहुण्यांना पहिल्या दिवशीच समुद्रात पाठवा आणि शेवटचा दिवस बाजारासाठी ठेवा.

चवथीला लेकीकडे मुंबईला जाताना सुकं खोबरं, फेणी, लोणचं न्यायचं आहे. मागच्या खेपेला तपासणीत बॅग उघडायला लावली, चारचौघांत लाज वाटली.
— मडगाव

खोबरं घरीच ठेवा. तेलकट सुकं खोबरं स्वतःच तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं आणि चेक-इन बॅगेत चालत नाही. मुंबईत घेतलेलं बरं. फेणी 24 ते 70 टक्के मद्यार्काच्या गटात येते. दुकानातल्या बंद, सीलबंद बाटल्यांतून माणशी एकूण 5 लिटरपर्यंत चेक-इनमध्ये चालते. शेजाऱ्याच्या भट्टीतली फेणी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरली असेल तर ती राहू दे. लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांधून चेक-इनमध्येच द्या, हातात नको. पॉवर बँकेचं उलट: ती फक्त हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. बॅग उघडायला लावतात त्यात ती चुकून राहिलेली असणं हे नेहमीचं कारण. 20,000 एमएएचची म्हणजे सुमारे 74 वॅट-तास, ती चालते. मर्यादा 100 वॅट-तास.

तिकिटावर नुसतं गोवा लिहिलं होतं. दाबोळीला पोचलो तर विमान मोपाहून.
— कुडचडे

तिकिटावर तीन अक्षरं असतात. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, जिथून 2023 च्या जानेवारीपासून विमानं सुटतात. दोन्हींमधला रस्ता 60 किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे तासाभरात चूक सुधारेल अशी आशा नको. कुडचड्याहून निघताना टॅक्सीवाल्याला 'एअरपोर्ट' एवढंच सांगू नका, नाव सांगा, आणि त्याने ते परत म्हणून दाखवलं की गाडीत बसा.