हिवाळा संपत आला तरी बागेतली झाडं वाळकीच दिसतात, उपटून टाकू का? वसंताची पहिली खूण कोणती?

उपटायची घाई अजिबात करू नका. पानगळ झालेलं झाड या दिवसांत मेल्यासारखंच दिसतं. एखाद्या बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडं असेल आणि फांदी कट्कन मोडली तर ती गेली. पण एका फांदीवरून निकाल लावू नका, खोडाजवळही खरवडून बघा. कित्येकदा शेंडा वाळतो आणि बुंध्यातून जोमदार फुटवा येतो.

वसंताची पहिली खूण पानांत नाही, डोळ्यांत, म्हणजे फांदीवरच्या न फुटलेल्या कोंबांत शोधा. गुलाबाच्या फांदीवरचा चपटा डोळा फुगतो, लालसर होतो. तेव्हा छाटणी करा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरासा वर तिरका काप द्या. मोठ्या पानांच्या हायड्रेंजिया आणि लायलॅक या फुलझुडपांना मात्र आत्ता कात्री लावू नका. त्यांच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवर आधीच तयार असतात, छाटल्या की यंदाची फुलं गेलीच म्हणून समजा.

बर्फाळ भागात सगळ्यात आधी स्नोड्रॉपची छोटी फुलं येतात, पाठोपाठ क्रोकसची. विच हेझेल हे झुडूप तर भर थंडीत फुलतं. कडाका वाढला की त्याच्या रिबिनीसारख्या पाकळ्या गुंडाळल्या जातात आणि ऊब आली की पुन्हा उलगडतात. फार सुंदर दिसतं ते!

पालवी नीट फुटेपर्यंत खत देऊ नका. पाणीही वरची माती सुकली असेल तरच घाला.