लोरिमर आणि जिनगर

प्रिय सई,

परवा शाळेतून आल्यावर तू सांगितलेस की आडनावांच्या तासाला तुझ्या मैत्रिणीने उभे राहून, ‘लोरिमर म्हणजे घोड्याच्या लगामाचे लोखंड घडवणारा,’ असे साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. मग तू मला विचारलेस, ‘बाबा, जिनगर म्हणजे काय?’ मी म्हणालो, ‘जुने आडनाव आहे, नंतर सांगतो.’ रात्री अंथरुणावर पडल्यावर तू पुन्हा विचारलेस, ‘तिला सांगता आले, मग तुला का नाही?’ तो प्रश्न दोन दिवस मला टोचतो आहे. तोंडी सांगायला गेलो तर मी पुन्हा आडवळण घेईन, म्हणून लिहितो आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. जमेल तसे वाच.

आधी तुझ्या मैत्रिणीचे आडनाव. लॅटिन भाषेत ‘लोरुम’ म्हणजे चामड्याचा पट्टा किंवा लगाम. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून इकडे स्कॉटलंडमध्ये आला, आणि घोड्याच्या तोंडातले कडियाळ, स्वाराच्या पायाची रिकीब, टाचेला बांधायची आर असे घोड्याच्या सामानातले धातूचे काम करणाऱ्याला लोरिमर म्हणू लागले. आपल्या एडिंबरामध्ये १४८३ साली हातोडीवर पोट असलेल्या कारागिरांच्या संघाला नगराची सनद मिळाली. ‘हॅमरमेन’ नावाच्या त्या संघात लोहार होते, सुऱ्या-कात्र्या करणारे होते, चिलखते घडवणारे होते, लोरिमर होते आणि खोगीर करणारेही होते. काऊगेटमधले जे मॅग्डलेन चॅपल आपण बाहेरून पाहिले, ते पुढे याच संघाच्या ताब्यात आले.

त्या यादीतला खोगीर करणारा, तो आपला माणूस. जीन म्हणजे खोगीर आणि गर म्हणजे करणारा. दोन्ही शब्द फारसी आहेत. लोरिमरने कडियाळ घडवायचे आणि जिनगराने त्याच्या कडीत चामड्याचा पट्टा ओवून शिवायचा, इतकी ही दोन कामे एकमेकांना लागून आहेत. तुझ्या वर्गात तुम्ही दोघी एका बाकावर बसता, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला होता. त्याचे कारण मी तेव्हा तुला सांगायला हवे होते.

माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, कोल्हापुरात तांग्यांचे सामान शिवत असत. दुकान म्हणजे घराची पुढची पडवी. शाळा सुटली की मी तिथे त्यांच्या शेजारी बसायचो आणि मेणदोरा ओढून देणे हे माझे काम असायचे. रापीने चामडे कापायचे, आरीने भोके पाडायची, मग दोन बाजूंनी दोन सुया घालून टाका आवळायचा. पोटाखालून जातो तो तंग, शेपटीखालून जाते ती दुमची, डोक्यावर चढते ती मोहरकी, डोळ्यांच्या बाजूला झापडे. ही नावे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती. खोगिराच्या आत काय भरायचे यावर आजोबांचा फार कटाक्ष असे. एकदा गुरुजींनी माझ्या निबंधावर लाल शाईने ‘खोगीरभरती नको’ असा शेरा मारला. आजोबांना तो वाचून दाखवला तेव्हा त्यांनी हातातले काम खाली ठेवले आणि म्हणाले, ‘तुझ्या गुरुजींना सांग, भरती नीट नसली तर जनावराची पाठ सोलवटते.’ मराठीत तो शब्द निरुपयोगी भरताडासाठी का वापरतात, हे त्यांना कधीच पटले नाही, आणि तेव्हापासून तो शब्द मीही वापरलेला नाही.

पुढे गावात रिक्षा आल्या आणि तांगे एकेक करून बंद पडले. आजोबा रिक्षांच्या गाद्या आणि हूड शिवू लागले, दप्तरांचे पट्टे लावून देऊ लागले. माझे वडील, आप्पा, नोकरीला लागले आणि पडवीत सायकली उभ्या राहू लागल्या.

आता ते सांगतो जे परवा मी टाळले. सहावीत असताना एका मित्राच्या घरी गेलो होतो. त्याच्या आजीने प्रेमाने नाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि मग विचारले, ‘म्हणजे चामड्याचे काम का रे तुमच्याकडे?’ मी हो म्हणालो, कारण ते खरे होते आणि मला त्याचा अभिमान होता. त्या दिवसापासून आमचा खेळ त्यांच्या अंगणातच राहिला, माजघरात गेला नाही. कोणी रागावले नाही, कोणी वाईट शब्द उच्चारला नाही. पण आडनाव सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहायची सवय मला तेव्हा लागली, ती या देशात आल्यावरही सुटलेली नाही. इथल्या गणपतीत कोणी ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारले की मी गाव सांगतो आणि पुढचा प्रश्न येण्याआधी प्रसादाच्या रांगेकडे वळतो.

आपल्याकडे आडनाव विचारतात ते केवळ जात शोधण्यासाठी, असे मात्र तू समजू नकोस. तुझ्या आक्काआजीला एक आडनाव आणि एक गाव सांगितले की पाच मिनिटांत ती ओळखीचे माणूस काढते, आणि परक्या शहरात त्या एका ओळखीवर लोकांना जेवण आणि निवारा मिळालेला मी पाहिला आहे. एकच प्रश्न जवळ घेण्यासाठीही विचारला जातो आणि दूर ठेवण्यासाठीही. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे हे मला आजही नेहमी ओळखता येत नाही. आप्पांच्या कचेरीतल्या कोणीतरी त्यांना गावाच्या नावावरून ‘कर’ लावून आडनाव बदलून घ्यायला सांगितले होते, राजपत्रात छापून येते म्हणून. तो अर्ज कितीतरी वर्षे ट्रंकेत कोराच होता. आप्पांनी तो का भरला नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

इथेही सारे मोकळे होते असे नाही. संघात असल्याशिवाय शहरात दुकान थाटता येत नसे, आणि सभासदाच्या मुलाला किंवा जावयाला कमी शुल्कात प्रवेश मिळे. म्हणजे धंदा इथेही बऱ्याच अंशी घरातच राहत होता. पण शतके गेली, काम गेले आणि नावाला चिकटलेले बाकीचे सारेही गळून पडले. म्हणून इकडचे चांगले आणि तिकडचे वाईट असे मी तुला सांगणार नाही, आणि दोन्हीकडे सारखेच आहे असे म्हटले तर तेही खोटे होईल.

किल्ल्यावरचे राष्ट्रीय युद्धस्मारक तू शाळेच्या सहलीत पाहिलेस. १९२७ साली खुल्या झालेल्या त्या स्मारकाचे वास्तुरचनाकार रॉबर्ट लोरिमर. युद्धात राबलेल्या आणि मेलेल्या मुक्या जनावरांचीही आठवण तिथे कोरलेली आहे, आणि ती लोरिमर नावाच्या माणसाच्या वास्तूत आहे, याचे मला फार वाटते. दुसरे विल्यम लोरिमर, सेंट अँड्र्यूजमध्ये ग्रीकचे प्राध्यापक. त्यांनी बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून स्कॉट्स बोलीत आणला. १९६७ साली ते गेले आणि मुलाने तो १९८३ साली छापून आणला. त्यांचे भाऊ डेव्हिड लोरिमर गिलगिटमध्ये अधिकारी होते, आणि तिकडच्या बुरुशास्की भाषेचा त्यांनी मोठा अभ्यास केला. यांच्यापैकी कोणी कडियाळ घडवले नाही. तरी लोक बोलतात ते शब्द टिपून ठेवणाऱ्या या दोघा भावांविषयी वाचले, तेव्हा मला आजोबांची दुमची आणि मोहरकी आठवली. ती नावे आपल्या घरी आजवर कोणी लिहून ठेवली नव्हती. या पत्रात ती आली आहेत.

शाळेत तू काय सांगावेस हे मी ठरवणार नाही. सांगावेसे वाटले नाही तरी मला वाईट वाटणार नाही, कारण मी स्वतः इतकी वर्षे सांगितलेले नाही. फडताळातली पितळी रिकीब, जिच्यात तू लहानपणी बाहुली बसवायचीस, ती हवी तर वर्गात घेऊन जा. तिच्या वरच्या खाचेत चामड्याचा एक तुकडा अजून अडकलेला आहे. तो ओढून काढू नकोस. त्यावर आजोबांची शिलाई आहे.

तुझा
बाबा