सिग्मा झायचं चॅप्टर उत्तर देत नसेल तर आधी सह्या बघा

"गाईडने सिग्मा झायसाठी नॉमिनेट करून दोन महिने झाले, युनिव्हर्सिटीचं चॅप्टर मेलला उत्तर देत नाही, त्यांच्या ग्रँटची (संशोधनासाठीच्या पैशांची) तारीख तोंडावर आलीये, हे स्कॅम तर नाही ना?" हे तुमचं वाचलं आणि मला माझं पीएचडीचं तिसरं वर्ष आठवलं. सेम टू सेम केस.

स्कॅम नाही हो. १८८६ साली अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सुरू झालेली संस्था आहे, संशोधन करणाऱ्यांची, आणि चॅप्टर म्हणजे तिची तुमच्या युनिव्हर्सिटीतली शाखा. ग्रीक अक्षरं बघून पोरं फ्रॅटर्निटी (तिकडच्या कॉलेजातल्या पोरांचा क्लब) समजतात (मी तर वर्षभर 'सिग्मा शी' म्हणत होते, कुणी सुधारलंही नाही), ते सोडा.

माझी घोडचूक सांगते. सरांनी सही केली म्हणजे काम झालं असं मी धरून चालले. सर मेंबर होतेच, त्यांच्या खोलीत फाईलींच्या कपाटावर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं, वर बोटभर धूळ. पण फी दरवर्षी भरावी लागते आणि ती सरांनी कैक वर्षांत भरलीच नव्हती, त्यांच्या स्वतःच्याही लक्षात नव्हतं. नॉमिनेशनला सह्या लागतात त्या चालू मेंबरांच्या, दोघांच्या. माझी एक सही चालली, दुसरी गेली पाण्यात.

बरं हे मला कुणी सांगावं तर ना! चॅप्टरच्या पेजवर ज्या सेक्रेटरीचं नाव होतं ते कधीच रिटायर झालेले, मेल जात होते ते कुणीच न उघडणाऱ्या डब्यात. एका ऑफिसात गेले (नाव घेत नाही), तर म्हणे हे आमच्याकडे येत नाही, शेजारी विचारा. शेजारचे म्हणाले ते आधीच्यांकडेच असतं. तीन आठवडे मी त्या दोन मजल्यांमध्ये जिने चढउतार करत होते आणि दर वेळी खिडकीपलीकडे तेच गोड हसू. शेवटी आमच्या डिपार्टमेंटच्या फ्रंट डेस्कच्या बाई म्हणाल्या, अगं चॅप्टरचे ट्रेझरर मागच्या बिल्डिंगमध्ये बसतात, तिकडे जा. त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात माझा फॉर्म सापडला, वर पिवळी चिठ्ठी आणि त्यावर फक्त प्रश्नचिन्ह! तोवर ग्रँटची तारीख उलटून चार दिवस झालेले.

मला नदीतल्या शिंपल्यांच्या सॅम्पलची आयसोटोप टेस्ट करून घ्यायची होती, आठशे डॉलरचं काम. सिग्मा झायची ही ग्रँट १९२२ पासून चालू आहे, रक्कम छोटी, बहुतेकांना हजारापर्यंतच, पण असल्या टेस्टला अगदी पुरते. अर्ज करायला मेंबर असावंच लागतं असं नाही, पण पैशाचा मोठा वाटा मेंबर मुलांसाठी किंवा ज्यांचे गाईड चालू मेंबर आहेत त्यांच्यासाठी राखीव असतो. म्हणजे सरांनी नुसती फी भरली असती तरी मी त्या वाट्यात बसत होते, मेंबरशिपच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावायची गरजच नव्हती. हे मला नंतर कळलं. अजून चरफड होते.

माझं मत, पटलं तर घ्या: चॅप्टरला ऑफिस समजू नका. तिथे पगारी माणूस बहुधा नसतोच, दोन-तीन प्रोफेसर आपला व्याप सांभाळून ते चालवतात आणि एकजण सबॅटिकलवर (लांबच्या अभ्यासरजेवर) गेला की सगळं ठप्प. मेल करत बसू नका, जाऊन गाठा. चॅप्टर अगदीच झोपलेलं असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या हेडक्वार्टरला लिहा, चॅप्टरशिवाय थेटही मेंबर होता येतं. नियम बदलतात, त्यामुळे तारखा आणि फी स्वतः बघून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

आणखी एक, कुणी ग्रीन कार्डच्या ईबी-वन फाईलसाठी (असामान्य कर्तृत्व दाखवून अमेरिकेत कायम राहायचा अर्ज) हे करत असेल तर फार आशा ठेवू नका. विद्यार्थ्यांना सहसा मिळते ती असोसिएट मेंबरशिप, पुढे चांगलं संशोधन कराल या भरवशावर दिलेली, आणि ईबी-वनला मागतात ते आधीच गाजवलेलं कर्तृत्व. मी वकील नाही, पण माझ्या वकिलाने मेंबरशिपचा कागद हातात घेऊन परत दिला होता.

आता गाईडना "तुम्ही फी भरलीत का" असं तोंडावर विचारायचं अवघड वाटतं, मान्य. मग असं विचारा, "सर, अमेरिकन सायंटिस्टचे अंक अजून येतात का तुम्हाला?" ते मॅगझीन मेंबरशिपबरोबरच मिळतं. सर विचारात पडले की समजा, फी थकलीये.