आधी पिशवी द्या, डिंक नंतर

तुमची मुलगी चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. पानाफुलांचं काही हस्तकाम करून घ्यावं म्हणून तुम्ही तयार संच मागवलात, पण मुलगी पाच मिनिटांत उठते आणि उरलेलं तुम्हीच चिकटवत बसता. मी २२ वर्षं बालवाडी चालवली आहे, हे गाऱ्हाणं मला नवीन नाही. मुलीचं चित्त थाऱ्यावर नसतं असं मनात आणू नका. त्या संचातलं एकही पान तिनं स्वतः उचललेलं नाही, म्हणून तिला त्याचं काही वाटत नाही.

तेव्हा आधी तिच्या हातात एक छोटी कापडी पिशवी द्या आणि सोसायटीच्या आवारात अर्धा तास फिरून या. झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं, एवढाच नियम. माघ-फाल्गुनात बदामाखाली लालभडक पानांचा खच असतो, पिंपळाची पानगळ चालू असते, गुलमोहराच्या हातभर लांब शेंगा पडलेल्या असतात. तिनं किडीनं खाल्लेलं पान उचललं तरी "हे नको, ते घे" म्हणू नका. आमच्याकडे एक मुलगा कितीतरी दिवस नुसत्या काटक्याच आणायचा. एकदा त्यानं त्या लांबीप्रमाणे ओळीनं मांडल्या, सगळ्यात लांब काटकीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही आजी." मी त्याला डिंकाची वाटी दिलीच नाही. त्याचं काम तिथं पूर्ण झालं होतं.

घरी आल्यावर पानाच्या शिरा उमटवायला घ्या. यासाठी पेरूचं पान फार छान, कारण त्याच्या शिरा मागच्या बाजूनं चांगल्या उठावदार असतात. पान ताजं पडलेलं हवं, वाळकं पान दाबलं की चुरा होतो. ते पालथं ठेवा, वर पातळ कागद ठेवा, मेणाच्या खडूचं कागदी वेष्टण काढून टाका आणि खडू आडवा धरून घासायला सांगा. कागद सरकणार नाही एवढं तुम्ही धरा, घासायचं तिनंच. आधी काहीच दिसत नाही, मग मधली शीर येते, मग तिला फुटलेल्या बारीक बारीक फांद्या. त्या क्षणी मुलं घासायची थांबतात, कागद उचलून खालचं पान बघतात, पुन्हा ठेवतात. हे उचलून बघणं सात-आठ वेळा होईल. होऊ द्या.

भेंडीचे ठसे तुम्हाला माहीत असतील. देठाकडचा भाग कापला की पाच कोनांचं फूल मिळतं. लोकांचं चुकतं ते रंगात. ताटलीत पातळ रंग ओतला की नुसता डाग पडतो. ओलं फडकं घडी करून ताटलीत ठेवा, त्यावर खळीत कालवलेला गेरू किंवा हळद पसरा आणि भेंडी त्या फडक्यावर टेकवून मग कागदावर टेकवा. खळ घरीच होते: दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायचं. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते विषारी आहे. मुलांच्या खळीत अजिबात नको.

गुलमोहराची शेंग न फोडता रंगवली की खुळखुळा तयार. तडा गेलेली मात्र घेऊ नका, आतल्या बिया बाहेर येतात.

आता बियांचं, आणि इथं मी कडक बोलणार आहे. धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत चिंचोके, वाल, वाटाणे त्याच्या हाती लागतील असे ठेवूच नका. आमच्या बालवाडीतल्या एका मुलीनं नाकात वाटाणा घातला, तो ओलाव्यानं फुगला आणि डॉक्टरांकडेच काढावा लागला. लाल-काळी गुंज कितीही देखणी असली तरी घरात आणू नका. ती, एरंडाच्या बिया, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर आणि धोतरा ही सगळी विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार इजा होते. बिट्टी तर पुष्कळ सोसायट्यांच्या कुंपणालाच लावलेली असते, फिरायला निघण्याआधी तेवढं बघून ठेवा.

साहित्य विकत आणलं नाही तर शिकण्यात काही कमी राहील, ही धास्ती नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथं बिया, दगड, पानं, शिंपले हेच साहित्य होतं. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना ते ओळखीचं होतं, म्हणून त्यांचा हात त्याकडे आपसूक जात होता.

शेवटी एक सावकाश होणारं काम. पिंपळाची दोन-तीन पानं एका जुन्या डब्यात पाण्यात बुडवून गॅलरीत ठेवा. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. वास येईल, डबा झाकून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी पान बोटांत बुळबुळीत लागलं की वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशनं अलगद घासायचं, हिरवा गर सुटतो आणि जाळी उरते. घासताना एखादं फाटेल, म्हणून दोन-तीन सांगितली. पाणी बदलायचा दिवस कॅलेंडरवर तिलाच खूण करायला सांगा.