इंग्लंडमध्ये नाताळच्या जेवणाला ट्रायफल करून न्यायचं आहे. कसं करू?

तुम्ही लिहिलंय की लीड्सला येऊन सहा महिने झालेत, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बाईंनी 25 डिसेंबरला जेवायला बोलावलंय, "काय आणू?" म्हटल्यावर त्या "ट्रायफल आण" म्हणाल्या आणि तुम्ही हो म्हणून बसलात. ट्रायफल कधी चाखलेलंही नाही. अंडं चालतं, जिलेटिन चालत नाही, दारूचं अजून ठरत नाहीये. मी गेली चौदा वर्षं नॉटिंगहॅमला आहे आणि दुसऱ्याच नाताळात अशीच हो म्हणून बसले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घाबरू नका. काचेच्या मोठ्या भांड्यात तळाला शेरी नावाच्या वाइनमध्ये भिजवलेला केक, त्यावर फळं, बऱ्याच घरांत जेली, मग दाट कस्टर्ड आणि सगळ्यात वर फेटलेलं क्रीम, एवढंच. शिजवायचं म्हणाल तर एक कस्टर्ड. हाताचं काम फार तर तासाभराचं, पण थांबायचं काम दीड दिवसाचं आहे, आणि फसतं ते थांबण्यातच. लहानपणी मडगावला आत्याकडे नाताळात शेजारून बिबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ, यायची. शेजारच्या काकी सांगायच्या की खालचा थर नीट भाजल्याशिवाय वरचा ओतायचा नाही, घाई केली की बिबिंकेचा शिरा होतो. ट्रायफलचा नियम तोच, फक्त विस्तवाच्या जागी फ्रिज.

मला हे कळायला एक ट्रायफल वाया घालवावं लागलं. 24 तारखेला रात्री नऊ वाजता सुरुवात केली. वर आपली अक्कल चालवली: रासबेरी काय सगळेच घालतात, आपण ताजा अननस घालू. जेली ओतली, तासाभराने पाहिलं तर पाणीच. म्हटलं रात्रभरात होईल घट्ट. कस्टर्डही कोमटच होतं, झोप अनावर झाली होती, दिलं वरून ओतून. सकाळी फ्रिज उघडला तर थर नावाची गोष्टच नाही, लग्नाच्या पंगतीतलं फ्रूट कस्टर्ड समोर! बाहेर जाऊन काही आणावं म्हटलं तर इंग्लंडात नाताळच्या दिवशी मोठी दुकानं उघडायला कायद्यानेच बंदी आहे. शेवटी तेच भांडं घेऊन गेले. यजमानीण बाईंनी चमचा घालून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "अननस ताजा होता का गं?"

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि जिलेटिन हे प्रथिनच. त्यामुळे जेली कितीही वेळ ठेवा, जमत नाही. किवी आणि पपईचंही तेच. डब्यातला अननस मात्र चालतो, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं.

आता तुमच्याकडे वळू. आठ-दहा माणसांसाठी दोन ते अडीच लिटरचं काचेचं भांडं लागेल, शक्यतो सरळ उभ्या कडांचं, म्हणजे थर बाहेरून दिसतात. पायाचं भांडं फार सुंदर दिसतं, पण घेण्याआधी फ्रिजच्या दोन कप्प्यांमधली उंची मोजा. मी मोजली नव्हती.

केकसाठी इथे ट्रायफल स्पंज म्हणून छोट्या कोरड्या केकचं पाकीटच मिळतं. ते नसेल तर स्पंज फिंगर्स घ्या, किंवा जॅम लावलेला स्विस रोल कापून कडेने चकत्या उभ्या करा, काचेतून झकास दिसतो. दीड-दोनशे ग्रॅम पुरतो. ताजा लुसलुशीत केक नको, त्याचा लगदा होतो. मुळात हा पदार्थ शिळा केक सत्कारणी लावणारा आहे, आपल्याकडे उरलेल्या पोळीचा लाडू करतात तसा. स्पंज मधे चिरून आत रासबेरी जॅम लावायचा, तुकडे तळाला दाटीवाटीने बसवायचे आणि वरून साधारण 100 मिली शेरी चमच्याचमच्याने सोडायची. केक ओला झाला पाहिजे, पोहता कामा नये.

शेरीबद्दल एक लक्षात ठेवा. ती इथे शिजत नाही, त्यामुळे तिच्यातली दारू उडून जात नाही. ही स्पेनमधल्या हेरेझ भागातली वाइन, वरून अल्कोहोल घालून आणखी कडक केलेली. तुम्हाला नको असेल तर सरळ संत्र्याचा रस घाला, थोडं लिंबू पिळा. कुणी नाक मुरडणार नाही, लहान मुलं असलेल्या घरांत सर्रास असंच करतात. घातलीत तर मात्र जेवणाआधी सगळ्यांना सांगा.

फळांत रासबेरी उत्तम. डिसेंबरात ताज्या महाग पडतात आणि फ्रोझन चांगल्या, 300 ग्रॅम घ्या. वितळताना त्यांचा रस खाली केकमध्ये मुरतो, ते बरंच असतं.

जेली हा इथला घराघरांतला वाद आहे. आपल्याकडे पुरणपोळी गुळाची की साखरेची यावरून जसं चालतं, तसंच. काहींच्या मते जेलीशिवाय ट्रायफल म्हणजे काहीच नाही, आणि काहींच्या मते जेली हा पोरांच्या वाढदिवसाचा प्रकार, मोठ्यांच्या ताटात तिचं काय काम. दोन्हीकडचे लोक भलते ठाम असतात. माझं मत विचाराल तर जेली हवी. दाट कस्टर्ड आणि क्रीमच्या खाली ते आंबटगोड, थरथरणारं काहीतरी लागतंच.

तुमचा प्रश्न जिलेटिनचा. इथे जेली बहुधा वडीच्या रूपात मिळते, 135 ग्रॅमची वडी पाऊण पाइंट ते एक पाइंट पाण्यात विरघळवायची असते, आणि तिच्यात बहुतेक वेळा गाईचं किंवा डुकराचं जिलेटिन असतं. पाकिटामागचं वाचल्याशिवाय घेऊ नका. शाकाहारी जेलीची पाकिटं मोठ्या दुकानांत मिळतात. नाहीच मिळाली तर आपलं चायना ग्रास आहेच. ते रासबेरीच्या रसात दोन मिनिटं चांगलं उकळा. पण सावध: जिलेटिनला जमायला फ्रिज लागतो, चायना ग्रास ओट्यावर कोमट होता होताच जमायला लागतं. त्यामुळे "जरा निवू दे" म्हणून दुसऱ्या कामाला लागलात तर पातेल्यातच वडी होईल. हात बुडवल्यावर सोसेल इतकं गरम असतानाच ओता. जेली कुठलीही असो, पाणी पाकिटावरच्यापेक्षा थोडं कमी घ्या, कारण फळांना पाणी सुटतंच. मग निदान तीन-चार तास फ्रिजमध्ये, आणि भांडं हलवून बघायचा मोह आवरायचा.

कस्टर्डचे दोन मार्ग आहेत. पहिला अंड्याचा: 600 मिली फुल फॅट दूध, चार पिवळे बलक, 50 ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, थोडा व्हॅनिला. बलक, साखर, कॉर्नफ्लोअर एकजीव करा, त्यात गरम दूध बारीक धारेने ओतत हलवत राहा, मग सगळं परत पातेल्यात. इथे बहुतेक जण घाबरतात आणि जरा दाट झालं की गॅस बंद करतात, अंडं फाटेल म्हणून. नुसत्या बलकांचं कस्टर्ड असेल तर ती भीती खरी आहे, ते 80-82 अंशांच्या पुढे गेलं की फाटतं. पण कॉर्नफ्लोअर असेल तर उलट आहे. बलकातही एक एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडतं. कस्टर्डला नीट उकळी आली नाही तर ते जिवंत राहतं, आणि रात्री खिरीसारखं दाट असलेलं कस्टर्ड सकाळी पातळ होतं. तेव्हा मंद आचेवर, हात न थांबवता, पृष्ठभागावर दोन-चार बुडबुडे फुटेपर्यंत शिजवा आणि पुढे आणखी मिनिटभर. डावाच्या पाठीला लागलेल्या कस्टर्डवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या कडा मिळून आल्या नाहीत म्हणजे झालं. गुठळ्या झाल्याच तर चाळणीतून काढा, कुणाला कळत नाही.

दुसरा मार्ग कस्टर्ड पावडरचा, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. आपल्याला वाटतं की कस्टर्ड पावडर ही भारतातल्या शाकाहारी लोकांसाठी काढलेली पळवाट. माझ्या आईच्या फडताळात पुण्याच्या वाइकफील्डचा डबा कायम असायचा, त्यामुळे मलाही तसंच वाटायचं. पण ही पावडर 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी केली. ते औषधविक्रेते होते, बायकोला अंडी सोसत नसत आणि कस्टर्ड तर आवडायचं, म्हणून त्यांनी कॉर्नफ्लोअरवर भागवलं. त्यामुळे बिनअंड्याचं कस्टर्ड अस्सल इंग्लिशच आहे, आणि इथल्या कित्येक आज्या ट्रायफलमध्ये तेच घालतात. फक्त डब्यावर लिहिलेल्यापेक्षा पावडर एक चमचा जास्त घ्या, ट्रायफलला वाटीत ओतायचं कस्टर्ड नको, थर धरणारं हवं.

कुठलंही केलं तरी गरम असतानाच त्याच्या अंगाला चिकटेल अशी प्लास्टिकची पातळ फिल्म अंथरा, नाहीतर साय धरते आणि ती मोडली की गाठी. पूर्ण गार, म्हणजे खरोखर गार झाल्यावरच जमलेल्या जेलीवर घाला, तेही भांड्यातून एकदम न ओतता डावाने कडेकडेने.

क्रीमचं इथे सोपं आहे. भारतात घरी करताना मला पॅकेटातलं फ्रेश क्रीम कधीच फेटता आलं नाही, कारण त्यात स्निग्धांश जेमतेम 25 टक्के. फेटून उभं राहायला 30-35 तरी लागतो. इथल्या डबल क्रीममध्ये 48 टक्के असतो, 300 मिली घ्या. धोका आता उलटा: ते फार लवकर घट्ट होतं. फेटणी उचलल्यावर टोक उभं राहून जरासं वाकलं की थांबा. अजून दहा सेकंद म्हणालात की रवाळ होतं, आणि त्याच्याही पुढे काय होतं ते ताक घुसळलेल्या घरातल्या माणसाला सांगायला नको. रवाळ झालंच तर दोन चमचे न फेटलेलं क्रीम हलक्या हाताने मिसळून पाहा, बहुतेकदा सावरतं. वरून भाजलेले बदामाचे काप. रंगीत साखरेचे दाणे घालायचे तर अगदी वाढायच्या वेळी, आधी घातले तर रंग ओघळून पांढऱ्या क्रीमवर रंगपंचमी होते.

म्हणजे वेळापत्रक असं: खरेदी 23 पर्यंत, 24 ला सकाळी केक-फळं-जेली, दुपारी कस्टर्ड करून गार करणं, संध्याकाळी ते थरावर, आणि क्रीम 25 ला. क्रीम घरून घालूनच नेऊ नका. डब्यात घेऊन जा आणि त्यांच्या ओट्यावर फेटा, म्हणजे वाटेत फासलं जाणार नाही. भांडं गाडीच्या सीटवर ठेवू नका, सीट उतरती असते. पुढच्या सीटसमोर पायाशी बादली किंवा खोकं, त्यात टॉवेल कोंबून मधे भांडं. आणि गाडीच हवी, लीड्समध्येही त्या दिवशी बसच्या भरवशावर राहू नका.

नव्या नव्या प्रयोगांच्या वाटेला निदान पहिल्या वर्षी जाऊ नका, हे अननसवालीचं सांगणं. हा पदार्थ तसा पुष्कळ बदललाय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ट्रायफल' म्हणजे साखर, आलं आणि गुलाबपाणी घातलेलं कोमट दाट क्रीम होतं, केक आणि कस्टर्ड नंतरचे. 2022 मध्ये राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला 70 वर्षं झाली तेव्हा देशभर पुडिंगची स्पर्धा झाली, तीही जेमा मेल्विन यांच्या लिंबाचा स्विस रोल आणि आमारेत्ती बिस्किटांच्या ट्रायफलनेच जिंकली. पण ज्यांच्या घरी तुम्ही जाणार, त्यांच्या मनात बहुधा त्यांच्या आईचं ट्रायफल असणार. तेच जमेल तितकं करा.

वाढताना मोठा डाव थेट तळापर्यंत घाला आणि एका दमात उचला, म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत सगळे थर येतात. वर काढताना 'फच्च' असा आवाज होईल. दचकू नका, त्या आवाजाची टेबलावर सगळे वाट बघत असतात. भांड्याचा पार विस्कोट होतो, तो व्हायचाच.

आणि त्या बाईंना आजच विचारून घ्या: "जेली घालू ना?" त्या नाही म्हणाल्या तर माझं मत गुंडाळून ठेवा आणि रासबेरी थोड्या जास्त घाला.